फोटोच्या मागचा शिक्का

अण्णांच्या स्टुडिओतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक फोटोच्या मागे जांभळ्या शाईचा शिक्का असायचा. वर स्टुडिओचं नाव, त्याखाली 'कराड', आणि सगळ्यात खाली एक मोकळी रेघ. त्या रेघेवर अण्णा पेनानं निगेटिव्हचा नंबर लिहायचे. शाळेतून आल्यावर शिक्के मारायचं काम माझ्याकडे असे. शिक्का पॅडवर दोनदा टेकवायचा, फोटोवर एकदाच, आणि जोर लावायचा नाही. जोर लावला की शाई फुटते आणि ठसा पुढच्या बाजूला नेमका कुणाच्या तरी कपाळावर उमटतो. प्रिंट पूर्ण सुकलेली हवी. कड ओलसर लागली तर ती परत दोरीवर.

त्या नंबराचा उपयोग कळायला मला बरीच वर्षं लागली. दहा-बारा वर्षांनी एखादी बाई पिशवीतून जुना फोटो काढायची, काउंटरवर ठेवायची आणि म्हणायची, "ह्याची अजून एक कॉपी पायजे." अण्णा फोटोतला चेहरा बघायचेच नाहीत. फोटो उलटा करून नंबर वाचायचे, रजिस्टर उघडायचे, पत्र्याच्या पेटीतून बटर पेपरचं पाकीट काढायचे आणि आत डार्करूममध्ये जायचे. बाईंनी नाव सांगायची गरज नव्हती, फोटो कधी काढला ते आठवायचीही नव्हती. आत काय चाललंय ते त्यांना दिसत नसे. लाल दिवा, डेव्हलपरचा ट्रे, हायपोचा वास, निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणाऱ्या एनलार्जरखाली दाबून धरलेला कागद, हे सगळं पडद्याच्या पलीकडे. संध्याकाळी त्या यायच्या, पावती द्यायच्या, फोटो घेऊन जायच्या.

गेली १४ वर्षं मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहिते. विम्याचे हप्ते, पॉलिसीचे कागद, बँकांचे व्यवहार. एपीआय हा शब्द दिवसातून पन्नास वेळा तोंडात येतो. नवीन मुलं रुजू होतात तेव्हा त्यांना समजावून सांगते की, दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये न शिरता तिच्याकडून काम करून घ्यायची ठरलेली रीत म्हणजे एपीआय. काय मागायचं, कुठल्या शब्दांत मागायचं, उत्तर कुठल्या आकारात येईल, हे आधी लिहून ठेवलेलं असतं. गेल्या पावसाळ्यात अण्णांसाठी एक छोटं वेब ॲप करायला घेतलं आणि माझ्या लक्षात आलं की ही रीत मी वयाच्या आठव्या वर्षी त्या काउंटरवर पाहिली होती. फोटोमागचा नंबर ही विनंती, आणि पडद्याआडून येणारी प्रिंट हे उत्तर.

निमित्त झालं किल्ल्यांचं. ११ जुलै २०२५ ला 'भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश' या नावानं १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, म्हणून ते आमच्याकडे पुण्यात होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्र मांडीवर घेतलं आणि पेन्सिलीनं यादीवर खुणा करायला लागले. शिवनेरी, लोहगड, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. नऊ झाले. साल्हेर, खांदेरी आणि तमिळनाडूतला जिंजी राहिले. पेन्सिल कानावर ठेवून म्हणाले, "आता हे तीन काही माझ्याच्यानं व्हायचे नाहीत. फोटो तरी दाखव."

मोबाइलवर दाखवले. दोन फोटो बघून त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. ज्या माणसानं चाळीस वर्षं एनलार्जरच्या प्रकाशात काम केलं, त्याला किल्ला अंगठ्याएवढा बघायला लावणं मला बरं वाटेना. कपाटात जुना दहा इंची टॅब्लेट पडून होता. त्यांच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर तो लावायचा, रोज सकाळी सहाला त्यावर एक नवा किल्ला यायला हवा, आणि त्यांना कुठलंही बटण दाबावं लागता कामा नये. एवढंच ॲप.

पहिल्यांदा मी एका नावाजलेल्या फोटो-सेवेकडे गेले. नोंदणी केली, किल्ली मिळाली, म्हणजे प्रत्येक विनंतीबरोबर द्यायचा गुप्त शब्द, आणि तासाला ५० विनंत्यांची मुभा मिळाली. ती किल्ली मी घाईत थेट पानाच्या कोडमध्ये लिहिली. ब्राउझरमध्ये चालणारं कोड कुणीही उघडून वाचू शकतं, म्हणजे घराची किल्ली दाराच्या कडीलाच अडकवून ठेवल्यासारखं झालं. रात्री ध्यानात आलं तेव्हा ती रद्द केली, नवी घेतली आणि सर्व्हरवर ठेवली. पान सर्व्हरला विचारणार आणि सर्व्हर बाहेर विचारणार, अशी ती व्यवस्था. ज्या कुणाला असं काही करायचंय त्याला मी एवढंच सांगेन की किल्ली लागणारी सेवा असेल तर आधी मधला सर्व्हर उभा करा, चित्रं नंतर बघा.

तिथले फोटो फार देखणे होते. दाट धुकं, कड्यावर पाठमोरा उभा तरुण, हिरवी दरी. अण्णांनी चार दिवस ते बघितले. पाचव्या दिवशी विचारलं, "कुठला म्हणायचा हा?" मला सांगता आलं नाही. खाली फक्त महाराष्ट्र असं लिहिलेलं होतं. "मग ह्याला किल्ला कशाला म्हणायचं? डोंगर म्हण." त्यांचं बरोबर होतं. त्यांना देखावा नको होता, जागा हवी होती. त्या संध्याकाळी मी विकिमीडिया कॉमन्सची, म्हणजे विकिपीडियाच्या सोबतीनं चालणाऱ्या मोकळ्या फोटोंच्या भांडाराची, कागदपत्रं वाचायला बसले.

कॉमन्स २००४ पासून आहे. आज तिथं दहा कोटींहून अधिक फाइली आहेत आणि त्यातल्या कितीतरी सामान्य माणसांनी आपापल्या हातानं चढवलेल्या आहेत. 'विकी लव्हज मॉन्युमेंट्स' नावाची वास्तूंच्या छायाचित्रांची स्पर्धा २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाली आणि भारत तीत २०१२ मध्ये उतरला. आपल्या किल्ल्यांचे कितीतरी फोटो त्या निमित्तानं तिथं पोचले. सुट्टीच्या दिवशी पाठीवर बॅग टाकून गडावर गेलेल्या कुणीतरी खाली आल्यावर घरी बसून फोटो निवडले, नावं दिली, जागा लिहिली आणि जगाला देऊन टाकले.

तिथून नुसतं वाचायचं असेल तर किल्ली लागत नाही. ओळख मात्र द्यावी लागते. तुमचं ॲप कुठलं, काही अडचण आली तर तुम्हाला कुठं गाठायचं, हे प्रत्येक विनंतीच्या हेडरमध्ये, म्हणजे तिच्या माथ्यावर, लिहायचं. मला हे फार आवडलं. अनोळखी गावात वाड्याचं दार उघडंच असावं, पण आत पाऊल टाकताना 'मी अमुक गावची, अमक्यांची मुलगी' असं म्हणावं, तशी ही पद्धत. आणखी एक विनंती ते करतात. मागण्या एकामागून एक करा, एकदम शंभर टाकू नका. लग्नसराईत आमच्या काउंटरवर दहाजण एकदम बोलायला लागले की अण्णा हातातलं काम खाली ठेवायचे आणि शांतपणे म्हणायचे, "रांग करा, सगळ्यांचं देतो." सर्व्हरही तेच म्हणतो, फक्त ४२९ हा आकडा पाठवून.

ब्राउझरची मात्र स्वतःची एक शिस्त असते. एका पत्त्यावरून आलेल्या पानानं दुसऱ्या पत्त्यावरचा मजकूर मागितला की तो उत्तर अडवून धरतो. समोरच्या सर्व्हरनं 'याला द्यायला हरकत नाही' असं सांगितलं तरच पुढे सोडतो. याला कॉर्स म्हणतात आणि नव्या मुलांचे किती दिवस यात वाया जातात ते मी रोज पाहते. कॉमन्सच्या बाबतीत विनंतीत ओरिजिन हा शब्द आणि त्यापुढे एक तारांकन लिहिलं की काम होतं. माझा मधला सर्व्हर तयारच होता, त्यामुळे मला तेही करावं लागलं नाही.

खरं काम शोधण्यात होतं. कॉमन्सला जागेचे अक्षांश-रेखांश देऊन 'इथून अमुक मीटरच्या आतले फोटो दे' असं विचारता येतं. जास्तीत जास्त १०,००० मीटर. मी साल्हेरचे आकडे दिले आणि पूर्ण दहा किलोमीटर मागितले. मोठं वर्तुळ काढलं की किल्ल्याबरोबर वर्तुळातलं बाकी सगळंही येतं, कारण फोटोवर जागा लिहिलेली असते, तुमच्या मनातला विषय नसतो. मग मी प्रत्येक किल्ल्याच्या वर्गातून, म्हणजे कॉमन्सवर एका विषयाच्या फाइली एकत्र ठेवतात त्या कप्प्यातून, फाइली घ्यायला लागले. वर्गात पोटवर्ग असतात. दरवाजे वेगळे, मंदिरं वेगळी, समाधी वेगळी. यंत्र आपण होऊन पोटवर्गात उतरत नाही, एकेका पायरीला सांगावं लागतं. मी वर्तुळ लहान केलं, दोन्ही याद्या ताडून पाहिल्या आणि दोन्हींत सापडले तेवढेच ठेवले.

एका सकाळी पडद्याखाली 'रायगड' लिहून आलं. अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. "हा रायगड नव्हे. राजगड आहे. ती बघ सुवेळा माची, आणि ते नेढं." कड्याच्या पोटातलं आरपार भोक त्यांनी काठीच्या टोकानं दाखवलं. चूक माझी होती. रोमन लिपीत रायगड आणि राजगड यांत एका अक्षराचा फरक पडतो, आणि माझ्या यादीत ते अक्षर मीच चुकवलं होतं. यंत्रानं मी मागितलं ते बिनबोभाट दिलं होतं. चूक पकडायला तो माणूस लागला ज्यानं त्या नेढ्यात बसून भाकरी खाल्ली होती. त्या दिवसापासून नवी यादी आली की मी ती आधी अण्णांना दाखवते.

दुसऱ्याच आठवड्यात दुपारी बाराला टॅब्लेटचं इंटरनेट आटपलं. टॅब्लेटमध्ये दिवसाला दीड जीबी मिळणारं सिमकार्ड होतं. मी मूळ फाइली मागत होते, प्रत्येकी आठ-दहा एमबीच्या, आणि चाचणीसाठी पान पुन्हा पुन्हा उघडत होते. कॉमन्सला विनंतीतच रुंदी सांगता येते. एवढ्या पिक्सेलची प्रत दे म्हटलं की ते लहान प्रत करून तिचा वेगळा पत्ता देतात. तशी मागितल्यावर फाइल काहीशे केबीवर आली आणि डोळ्यांना तसूभरही फरक जाणवला नाही. हेही अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "कॉन्टॅक्ट प्रिंट बघितल्याशिवाय मी कुणाला एनलार्जमेंट करून देत होतो का?" कॉन्टॅक्ट प्रिंट म्हणजे निगेटिव्हएवढीच छोटी प्रत.

आता त्या सकाळबद्दल सांगते, जिच्यासाठी हा लेख लिहायला बसले.

टॅब्लेटचा पडदा आडवा, लांबट. फोटो वेगवेगळ्या आकारांचे, काही उभे, काही चौकोनी. बाजूला काळ्या पट्ट्या दिसायला नकोत म्हणून मी पानाला सांगितलं होतं की फोटोनं पूर्ण पडदा भरायचा आणि उरेल तो भाग छाटून टाकायचा. एका ओळीचं काम. सगळे वेब डेव्हलपर करतात. त्या दिवशी विजयदुर्ग होता. तिहेरी तटबंदी, खाली समुद्र, उजवीकडे गोल बुरूज. मी डबा भरत होते. बाहेरून हाक आली, "ह्याचं डोकं कुणी कापलं?"

मी बाहेर आले. बुरुजाचा माथा पडद्याच्या वरच्या कडेला टेकून तुटला होता. मी म्हटलं, "मूळ फोटोच तसा असेल, अण्णा."

"नसणार." ते उठून उभे राहिले, वॉकर बाजूला सारला, भिंतीपाशी गेले. "खाली बघ. समुद्र किती नीट धरलाय. लाट खडकावर फुटायची वाट बघितलीय त्यानं. एवढी वाट बघणारा माणूस बुरुजाचं डोकं कापत नसतो. हे तू कापलंस."

मी लॅपटॉपवर मूळ फाइल उघडली. वर भरपूर आकाश होतं, बुरूज पूर्ण होता आणि त्याच्या माथ्यावर एक घार होती. ती घार हाच त्या फोटोचा जीव होता. मी ती रोज सकाळच्या सोयीसाठी फेकून दिली होती. अण्णांना मी फाइल दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "कुणी काढलाय?"

तेही मला सांगता आलं नाही. उत्तरात त्याचं नाव आलेलं होतं. कॉमन्स प्रत्येक फाइलबरोबर माहितीचा एक गठ्ठा पाठवतं. छायाचित्रकार कोण, परवाना कुठला, फोटो कधी काढला, वर्णन काय. मी त्यातला चित्राचा पत्ता तेवढा उचलून बाकी सगळं टाकून देत होते. परवान्याचं नाव मी वाचलेलं होतं, सीसी बाय-एसए ४.०. त्याचा अर्थही मला माहीत होता. फोटो घ्या, वापरा, पण काढणाऱ्याचं नाव द्या, परवान्याचा दुवा द्या, बदल केला असेल तर तसं सांगा, आणि बदललेली प्रत पुढे देताना हीच मोकळीक द्या. एवढं सोपं मागणं. घरातलंच ॲप आहे, कोण बघतंय, असं म्हणून मी ते पुढच्या आठवड्यावर ढकललं होतं.

अण्णा मला काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी आपल्या बॅगेतून फाइल काढायला सांगितली. तीत एका वर्षीच्या पुराचं कात्रण होतं. प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयना एक झालेल्या, घाटाच्या पायऱ्या दिसत नाहीत, आणि पाण्यात अर्ध्या बुडालेल्या देवळाच्या शिखरावर एक मुलगा बसलेला. फोटो अण्णांचा. एका दैनिकानं पहिल्या पानावर छापला होता. खाली नाव नाही. मागायला आलेला माणूस प्रिंट घेऊन गेला तेव्हा शिक्का मागे होताच, पण छपाईला मागची बाजू जात नाही. अण्णांनी ते कात्रण कापून कार्डावर चिकटवलं होतं आणि कार्डाच्या मागे आपला शिक्का मारून रेघेवर निगेटिव्हचा नंबर लिहिला होता. पत्र वगैरे त्यांनी कुणाला लिहिलं नाही. आपल्या घरातल्या प्रतीवर तरी खरं लिहिलेलं असावं, एवढंच त्यांनी केलं.

आपल्याकडचा १९५७ चा कॉपीराइट कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. त्याच्या ५७ व्या कलमानुसार, हक्क विकले तरी निर्मिती आपली आहे असं सांगण्याचा अधिकार निर्मात्याकडे राहतो, आणि तिची मोडतोड होऊन नावाला धक्का लागत असेल तर हरकत घेण्याचाही. नाव आणि चौकट. बरोबर याच दोन गोष्टी अण्णांनी त्या सकाळी विचारल्या होत्या, आणि कलम त्यांनी कधी वाचलेलं नव्हतं.

रात्री मी बसले. छाटणीची ओळ काढून टाकली. आता फोटो पूर्ण दिसतो आणि बाजूला गडद राखाडी जागा राहते, माउंटबोर्डसारखी. त्या जागेत खाली तीन ओळी येतात. किल्ल्याचं नाव, छायाचित्रकाराचं नाव, परवाना. नावाच्या ओळीनं मला दोन तास बसवून ठेवलं. कॉमन्सकडून नाव साधं येत नाही, दुव्यासकट एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेब पानांच्या खुणांच्या भाषेत, येतं. ते जसंच्या तसं छापलं तर नावाभोवती कंस आणि चिन्हं दिसतात. जसंच्या तसं पानात घुसवलं तर त्याहून वाईट, कारण बाहेरून आलेला एचटीएमएल तपासल्याशिवाय आपल्या पानात कधीच चालवायचा नसतो. मग सर्व्हरवर तो मजकूर उलगडायचा, नाव वेगळं काढायचं, दुवा वेगळा ठेवायचा, बाकी सगळं गाळायचं. काही फाइलींत नाव दोन ओळींत होतं, काहींत सोबत मूळ संग्रहालयाचं नाव. प्रत्येक तऱ्हेसाठी थोडं थोडं लिहावं लागलं. नाव मिळालंच नाही तर तो फोटो रांगेत घ्यायचा नाही असा नियम मी केला.

कितीतरी जण टोपणनावानं फोटो देतात. मला वाटलं अण्णांना ते पटणार नाही. ते म्हणाले, "पेंटर लोक बोर्डाच्या कोपऱ्यात सही करतात तसंच की. तो जे लिहील ते त्याचं नाव." जुन्या, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या काही फोटोंखाली 'छायाचित्रकार अज्ञात' येतं. मी तेही गाळणार होते. त्यांनी अडवलं. "अज्ञात लिहिलंय म्हणजे कुणीतरी शोधून बघितलंय. ते असू दे."

तेव्हापासून सकाळचा क्रम ठरलाय. सहाला फोटो बदलतो. अण्णा चहा घेऊन बसतात आणि आधी खालची ओळ मोठ्यानं वाचतात, नाव, परवाना, सगळं. मग फोटो बघतात. उजेड कुठून येतोय, किती वाजता काढला असेल, पावसाच्या आधीचा की नंतरचा. कधी नुसतं "वा" म्हणतात. महिन्याभरात त्यांना चार-पाच नावं पाठ झाली. एखादं नाव परत आलं की म्हणतात, "हा पहाटे चढणारा माणूस आहे." त्यांना तो कधी भेटणार नाही, त्याला हेही कळणार नाही की पुण्यातल्या एका खोलीत त्याच्या फोटोची वाट बघतात.

एका गोष्टीचं मला वाईट वाटतं आणि ती इथं लिहिलीच पाहिजे. विनंती करताना 'वर्णन मराठीत असेल तर आधी ते दे' असं सांगता येतं. मी सांगते. माझ्या रांगेतल्या बहुतेक फोटोंना मराठी वर्णन नाही. रायगडाच्या फोटोखाली मराठी ओळ नसावी, याला कुठल्याही यंत्राची अडचण नाही. ती ओळ आपणच लिहायची आहे. फोटोच्या पानावर जाऊन 'ही सुवेळा माची, मध्ये दिसतं ते नेढं' एवढं लिहायला पाच मिनिटं लागतात. मी आता रोज रात्री एक लिहिते, अण्णा सांगतात तसं.

दिवाळीत अण्णा म्हणाले, "आमचा वसंतगड कुठाय?" कराडच्या माणसाला वसंतगड आणि सदाशिवगड म्हणजे घरचे. वसंतगडाच्या पायथ्याचं तळबीड हे हंबीरराव मोहित्यांचं गाव. युनेस्कोच्या यादीत ते नसले तरी आमच्या यादीत घातले. फोटो मिळाले, पण थोडे. अण्णा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पेटी आणायची का कराडहून?"

पत्र्याची पेटी आली. बटर पेपरची पाकिटं कडेला पिवळी पडलीत, आतल्या निगेटिव्ह शाबूत आहेत. बहुतेक चेहरे. लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप. मी म्हटलं, यातलेही काही चढवू, जुनं कराड दिसेल. अण्णांनी मान हलवली. "ते पैसे देऊन काढून घेतलेले. ते त्यांचे." कायदाही तेच म्हणतो. मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. पेटीच्या तळाशी एक पाकीट निराळं होतं. त्यावर गिऱ्हाइकाचं नाव नव्हतं, 'स्वतःसाठी' असं लिहिलेलं होतं. याशिकाच्या कॅमेऱ्यावर, इंदू फिल्मच्या रोलवर काढलेले बारा चौकोनी फोटो, वसंतगडाचे. साल १९७९.

स्कॅनर नव्हता. भिंतीवरचा टॅब्लेट काढून टेबलावर आडवा ठेवला, पडदा पूर्ण पांढरा केला आणि त्यावर निगेटिव्ह धरली. पहिल्या फोटोत पडद्याच्या पिक्सेलची जाळी उमटली. अण्णांनी दोन काड्यापेट्या मागवल्या, त्यांवर काच ठेवली आणि काचेवर निगेटिव्ह. पडदा खाली राहिला, धूसर झाला, जाळी गेली. वरून कॅमेऱ्यानं फोटो घेऊन रंग उलटे केले आणि तटावर उभा असलेला एक माणूस डोक्यावरून उपरणं सोडत असलेला दिसायला लागला. "हा आपला सायकलवाला," अण्णा म्हणाले. बारांतले त्यांनी तीन निवडले. एकात क्षितिज तिरकं आलं होतं म्हणून तो बाद. मी म्हटलं, सरळ करता येतं. "करता येतं. पण मी तिरका काढला होता."

चढवताना कॉमन्स विचारतं की हे काम तुमचं स्वतःचं आहे का. माझं नव्हतं. दुसऱ्याचं काम असेल तर त्याच्या परवानगीचं पत्र लागतं. त्यापेक्षा अण्णांचंच खातं उघडलं. ७८ व्या वर्षी त्यांनी एका बोटानं आपलं पूर्ण नाव टाइप केलं, मधलं वडलांचं नावही. परवाना निवडताना बराच वेळ विचार केला, आणि नाव द्यायलाच हवं असा निवडला. वर्णनाच्या चौकटीत मी गड, गाव, साल लिहिलं. ते म्हणाले, "नंबर लिही." मी लिहिला. रजिस्टरमध्ये होता तसाच.

माझी यादी रविवारी रात्री ताजी होते. सोमवारी सकाळी मी त्यांच्या आधी उठले. एका ओळीत मला त्यांचा फोटो रांगेच्या तोंडाशी आणता आला असता. लॅपटॉप उघडाही होता. अण्णा मागून आले, पडद्याकडे बघून म्हणाले, "मध्ये घुसवू नकोस. येईल त्याच्या नंबरानं."

"३१२ फोटो आहेत पुढे, अण्णा."

"असू देत."

सहा वाजले. साल्हेर आला, परशुरामाच्या देवळाचं शिखर आणि पाठीमागे ढगांचा समुद्र. अण्णांनी खुर्ची थोडी पुढे ओढली, चष्मा पुसला आणि खालची ओळ वाचायला सुरुवात केली.